कुलूपरावांच्या वह्या आणि सहाशे बारा गिऱ्हाइकं

समोरच्या दारातल्या गृहस्थांना मी तोंडावर भाऊजी म्हणते आणि पाठीमागे कुलूपराव. यात माझा काही दोष नाही. हा माणूस सकाळी घराला कुलूप लावून दोन जिने उतरतो, परत चढून येतो, कुलूप ओढून बघतो, पुन्हा उतरतो, आणि रस्त्यावर पोचला की मला फोन करतो, "मेव्हणीबाई, जरा दार उघडून बघता का, आमचं कुलूप नीट लागलंय ना?" त्यांच्या बायकोला मी ताई म्हणते, म्हणून मी मेव्हणीबाई. ताई सकाळच्या शाळेत शिकवतात, त्या वेळी घरी नसतात, तेव्हा कुलपाची राखण माझ्याकडे. एकदा मी नुसतं म्हटलं, "लागलंय भाऊजी, पण किल्ली कुलपातच राहिलीय." किल्ली त्यांच्या खिशात होती, हाताला लागत होती, तरी ते दोन जिने चढून आले. तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच.

कुलूपराव एकतीस वर्षं एकाच दुकानात आहेत. शिलाई मशीनचं दुकान. नवी मशिनं विकायची, जुनी दुरुस्त करायची, सुया-बॉबिन-पट्टे द्यायचे. मागच्या बाजूला मिस्त्री बसतो, पुढे काउंटरवर दोघीजणी, आणि मध्ये एका जाड खांबाच्या आड कुलूपरावांचं टेबल. हुद्दा विचाराल तर कागदावर 'ग्राहक विभाग प्रमुख'. विभागात दुसरं कुणी नाही, त्यामुळे प्रमुखही तेच आणि पाणी भरून ठेवणारेही तेच.

त्यांची खरी दौलत म्हणजे काळ्या पुठ्ठ्याच्या एकोणीस वह्या. दुकानातून मशीन नेलेल्या प्रत्येकाची त्यात नोंद. नाव, पत्ता, मशीनचा नंबर, एवढं कुणीही लिहील. कुलूपरावांची खुबी त्याच्या पुढे होती. प्रत्येक नावापुढे बारीक खुणा: त्रिकोण, दोन टिंबं, आडवी रेघ, फुली, गोलातली फुली. कुठली खूण म्हणजे काय, हे त्यांना आणि देवाला ठाऊक. गिऱ्हाइकाचा फोन आला की ते वही उघडायचे, वर्गातला हुशार मुलगा परीक्षेत पेपर झाकतो तसं डाव्या तळहाताने पान झाकायचे आणि बोलायला लागायचे, "नमस्कार, नमस्कार! गुडघा काय म्हणतोय? आणि मशीन अजून कापड ओढत नाही ना?" पलीकडचा गार. साऱ्या पंचक्रोशीत या माणसाच्या स्मरणशक्तीचा डंका. तो डंका वाजला की कुलूपराव वही मिटून कपाटात ठेवत आणि कपाटाला कुलूप घालत.

मग मोठे मालक थकले आणि दुकान त्यांच्या लेकीच्या हातात आलं. तिला सगळे छोट्या मॅडम म्हणतात. तिच्या पहिल्याच आठवड्यात कुलूपराव तापाने आडवे झाले. मॅडमने कपाट फोडून घेतलं, वह्या काढल्या, आणि काउंटरवरच्या दोघी आणि ती, तिघींनी मिळून दोन दिवस त्रिकोणांकडे बघितलं. कुलूपराव बरे होऊन गेले तेव्हा ती म्हणाली, "काका, तुमच्या वह्या म्हणजे जगातलं सगळ्यात महाग सॉफ्टवेअर आहे. एकच माणूस चालवू शकतो, आणि त्याला ताप आला की दुकान बंद."

कुलूपरावांनी हे घरी येऊन कौतुक म्हणून सांगितलं. ताईंनी ते मला कौतुक म्हणूनच सांगितलं. ते कौतुक नाही, हे मला समजावून सांगावं लागलं. अशी कामं नेहमी माझ्याच गळ्यात पडतात.

तर मॅडमने ठरवलं, गिऱ्हाइकांची नोंद आता कंप्युटरात. आधी एक टायवाला विक्रेता आला. त्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर भाड्याने मिळत होतं, जितकी माणसं वापरणार तितकं भाडं. तो म्हणाला, "तुमच्या गिऱ्हाइकांची सगळी माहिती आमच्याकडे सुरक्षित राहील." कुलूपराव खांबाआडून बाहेर आले. "आमची माहिती, तुमच्याकडे?" "हो." "आणि उद्या भाडं द्यायचं थांबलो तर?" विक्रेता टाय सरळ करायला लागला. तो गेल्यावर मॅडम म्हणाली की दुसराही मार्ग आहे, ओपन सोर्स म्हणतात त्याला. फुकट मिळतं, आपल्याच दुकानातल्या कंप्युटरवर बसतं, माहिती उंबरठ्याबाहेर जात नाही. कुलूपराव टेबलावर हात आपटून म्हणाले, "हेच घ्या! घरचं कुलूप घरच्या दाराला!"

म्हणजे हे सगळं त्यांनीच मागून घेतलं, हे लक्षात असू द्या.

काउंटरवरच्या दोघींपैकी थोरली माझी जुनी मैत्रीण. ती माझ्यापासून काही लपवत नाही. विचारलं तर नाहीच, न विचारलं तरी नाही. तिने सांगितलं की कंप्युटर सुरू झाल्यावर कुलूपरावांचा पहिला प्रश्न होता, "हे ठीक आहे, पण याला कुलूप कुठंय?"

मॅडम म्हणाली, "काका, दुकानाबाहेरच्यांसाठी पासवर्ड आहे. आत मात्र सगळ्यांना सगळं दिसणार. आणि हे सॉफ्टवेअर आतून कसं बनलंय तेसुद्धा कुणीही उघडून बघू शकतं, बदलू शकतं."

"कुणीही? मग हे आहे कुणाच्या बापाचं?"

"कुणाच्याच नाही. म्हणून सगळ्यांचं."

कुलूपराव त्या दिवशी जेवले नाहीत, असं ताई सांगतात. पण त्याचं कारण निराळं होतं. मॅडमने दुसरीही गोष्ट सांगितली होती. तीन महिन्यांत एकोणीस वह्या कंप्युटरात भरायच्या. मग गिऱ्हाइकाचा फोन काउंटरवरची कुणीही घेईल, ग्राहक विभाग वेगळा कशाला? खांबाआडच्या जागेत नव्या मशिनांचं शोकेस येईल. काकांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत, पण त्यांनी आधीच विश्रांती घ्यावी. निरोप समारंभ चांगला मोठा करू.

माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचं डोकं रिकामं करायचं, आणि रिकामं झालं की घरी जायचं. वर हार.

ताई माझ्या स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर कोसळल्याच. "दिवसभर घरी? अगं, रविवारी एक दिवस असतात तर फ्रिजमधल्या डब्यांना तारखांच्या चिठ्ठ्या लावतात. मागच्या रविवारी मी माझ्याच घरात साखर हुडकत होते. का, तर म्हणे मुंग्यांना पत्ता कळू नये म्हणून जागा बदलली."

"मग त्यांना भरायला उशीर करायला सांगा."

"सांगायला कशाला हवं? दिवसाला तीन नावं भरतायत."

पण या ओपन सोर्सवाल्यांनी एक भानगड करून ठेवली होती. कुणी किती नोंदी केल्या त्याचा तक्ता पहिल्याच पानावर, प्रत्येकाचा एकेक रंगीत खांब, सगळ्यांना दिसेल असा. काउंटरवाल्यांचे खांब छातीएवढे, मिस्त्रीसुद्धा दुरुस्त्या भरून कमरेपर्यंत आलेला, आणि ग्राहक विभाग प्रमुखांचा खांब चपलेच्या तळव्याएवढा. मिस्त्री रोज सकाळी मागून हाक मारायचा, "साहेब, उगवला का तुमचा?"

कुलूपराव काही दिवस हे ऐकून घेत होते. मग एका दुपारी त्यांना कळलं की या सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला हवे ते नवे रकाने आपणच पाडता येतात. कसे, ते कळेना. मॅडमने सांगितलं, हे वापरणाऱ्यांचं एक चर्चेचं पान आहे, तिथे विचारा. त्यांनी भीत भीत विचारलं. तासाभरात कुठल्याशा दूरच्या माणसाने पायरीपायरीने उत्तर लिहिलं, चित्रं काढून. कुलूपरावांनी ते तीन वेळा वाचलं.

"याला काय मिळतं?" त्यांनी मॅडमला विचारलं.

"काही नाही."

"मग सांगितलं कशाला?"

"त्याला माहीत होतं म्हणून."

हे उत्तर त्यांना पचेना. माहीत आहे म्हणून सांगायचं, ही कल्पनाच त्यांच्या खानदानात नव्हती. दोन दिवस ते संशयाने इकडेतिकडे बघत होते, की तो माणूस आता काहीतरी मागायला येईल. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी रकाने पाडले. एकूण त्रेचाळीस. त्रिकोणाचा रकाना, दोन टिंबांचा रकाना, गोलातल्या फुलीचा रकाना. आणि भराभरा वह्या उतरवायला लागले. तीन आठवड्यांत त्यांचा खांब मिस्त्रीच्या डोक्यावरून गेला. संध्याकाळी जिना चढताना शीळ ऐकू यायची. सगळी माहिती उघड्यावर, आणि वाचता कुणालाच येत नाही! उघड्या दारात बसून कुलूप लावायची ही युक्ती दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

मॅडमला युक्ती कळायला साधारण दीड मिनिट लागलं.

"काका, हा त्रिकोण म्हणजे काय?"

"तो अनुभवाने कळतो."

"मग अनुभव शब्दांत लिहा. खूण काढायची आणि तिथे अर्थ लिहायचा. अर्थाशिवायची नोंद मी धरणार नाही. अजून एक महिना आहे."

त्या रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात कुलूपराव, काखेत कापडी पिशवी. आत आले, दार लावून घेतलं, खिडकीकडे बघितलं आणि पिशवीतून वही क्रमांक तीन काढली.

"मेव्हणीबाई, जरा काम होतं. ही पडदेवाली, बाजारातली. नावापुढे दोन टिंबं आहेत. काय असेल?"

"मला काय विचारता? तुम्हीच काढलीत ना टिंबं?"

 ते पानावर तळहात ठेवून बसले.

"हात काढा भाऊजी. हात ठेवून मला काय दिसणार?"

त्यांनी हात काढला, पण अगदी हळूच, एकेक बोट उचलत. मग खाली बघत म्हणाले, "पहिल्या सहा वह्यांमधल्या खुणा मला आठवत नाहीत. तीन-चार वर्षं झाली. फोन आला की मी आपला सगळ्यांनाच गुडघा कसा आहे विचारतो. या वयात प्रत्येकाचा गुडघा दुखतोच."

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. माझ्या आयुष्यात हे फारसं घडत नाही.

"कुणाला बोलू नका," ते म्हणाले.

"नाही बोलणार," मी म्हटलं, आणि ताईंखेरीज कुणाला बोललेही नाही. "आणा इकडे. पडदेवाली ना? दोन टिंबं म्हणजे दोन मुलं असतील."

"तिला तीन आहेत."

"धाकटं नंतर झालं. नाहीतर असं असेल, तिची दोन घरं आहेत, एक नवऱ्याचं आणि एक भांडण झालं की जायचं, बहिणीचं. तिची जाऊ माझ्या ओळखीची आहे. लिहा: घरी नसल्यास बहिणीकडे फोन करावा."

चार रविवार असे गेले. कुणाचा स्वभाव कसा, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाच्या नवऱ्याला फोन केला तर मशीन दुरुस्तीला येईल आणि कुणाच्या केला तर कधीच येणार नाही. जिथे मला माहीत होतं तिथे मी सांगितलं, जिथे नव्हतं तिथेही सांगितलं. कुणाला रिकाम्या हाताने पाठवायची सवय नाही. ते सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होते आणि सोमवारी कंप्युटरात भरत होते. आणि एवढा काटेकोर माणूस, त्यांनी आपल्या मनाने चव्वेचाळिसावा रकाना पाडला: 'माहिती कुणाकडून'. हे मात्र मला बोलले नाहीत. चोराच्या हातची लंगोटी म्हणतात तसं, कुलूपरावांच्या तोंडून तेवढं तरी सुटायला हवं होतं.

मुदतीच्या दोन दिवस आधी सहाशे बारा नोंदी पुऱ्या झाल्या. मॅडमने पाठ थोपटली, आणि शोकेसवाल्या सुताराला माप घ्यायला बोलावलं. सुतार खांबाआड फूटपट्टी लावत होता आणि कुलूपराव पाय आखडून बसले होते, इतकं थोरलीने स्वतः बघितलं.

आता मॅडम वाईट नाही, शिकलेली आहे. तिचं म्हणणं, गिऱ्हाइकाची माहिती ही गिऱ्हाइकाची असते. आपण काय लिहून ठेवलंय ते त्याला दिसायला हवं. सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय होती. एक बटण दाबलं की प्रत्येकाला त्याची त्याची नोंद फोनवर जाते, 'तपासून पाहा, चूक असल्यास कळवा.' तिने ते दाबलं. तिला वाटलं नाव, पत्ता आणि मशीनचा नंबर जाईल. सॉफ्टवेअरला तसं कुणी सांगितलं नव्हतं. त्याने बिचाऱ्याने होते तेवढे सगळे रकाने पाठवले.

शनिवारी सकाळी अकराला मी पडद्याला काठ मारत होते, तेव्हा माझा फोन वाजला. गिऱ्हाईक क्रमांक दोनशे सतरा, म्हणजे मीच. 'मशीन: पायाने चालवायचं, हिरवं. तेल घालत नाही, मिस्त्रीला दोष देते. स्वभाव: बोलका, अति. फोन थोडक्यात आटोपावा. शक्य होत नाही. माहिती कुणाकडून: प्रत्यक्ष अनुभव.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला घालून जिना उतरायला लागले, आणि अर्ध्या जिन्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे जर मला आलंय, तर सगळ्यांना आलंय. आणि बाकीच्यांच्या शेवटच्या ओळीत प्रत्यक्ष अनुभव लिहिलेला नसणार.

तरी गेले. न जाता राहवणं शक्य नव्हतं.

दुकानात ही गर्दी. सगळ्यांत पुढे पँटवाला शिंपी, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. "स्वभाव तापट! कोण म्हणतं मी तापट आहे?" असं ओरडून त्याने काउंटरवर असा काही हात आपटला की सुयांचं खोकं खाली पडलं.

मागून मिस्त्री म्हणाला, "कुणी नाही म्हणत. बसा, पाणी घ्या."

"आणि हे काय? माहिती कुणाकडून, समोरची शेजारीण! कोण ही शेजारीण? कुणाच्या समोरची?"

मी बॉबिनचं पाकीट उजेडात धरून त्यावरचा मजकूर वाचत होते. फार वाचनीय होता.

शाळेची दप्तरं शिवणारी एक बाई मात्र खुशीत होती. तिच्या नोंदीत होतं, 'मशीन लेकरासारखं जपते.' ती म्हणत होती, हे मला मोठ्या अक्षरात कागदावर काढून द्या, माझ्या सुनेला दाखवायचंय. तिच्या मागे उश्यांचे अभ्रे शिवणाऱ्या आजी. "मला लिहिलंय, कमी ऐकू येतं, मोठ्याने बोलावे. मला व्यवस्थित ऐकू येतं. मी लक्ष देत नाही. तेवढं दुरुस्त करा."

मॅडमचा चेहरा लाल झाला होता. ती खांबाआड जाऊन म्हणाली, "काका, सोमवारी पप्पांना बोलावलंय मी. शोकेस वगैरे नंतर बघू, पण तुम्ही यापुढे दुकानात यायची गरज आहे असं मला वाटत नाही." कुलूपरावांनी मान हलवली आणि खणातलं सामान पिशवीत भरायला घेतलं. चष्म्याचं घर, रबरी शिक्का, अर्धी पेन्सिल. मी बॉबिनचं पाकीट खाली ठेवलं. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, निम्मं त्यांच्यासाठी आणि निम्मं ताईंच्या साखरेसाठी.

मॅडम बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाली, "माफ करा. हे सगळे रकाने मी आत्ता पुसून टाकते. एका बटणाचं काम आहे."

"थांबा!" पँटवाला म्हणाला. "तुम्ही कोण पुसणार? ज्यानं लिहिलं त्यानं पुसायचं. आणि माझ्यासमोर. आधी सांगायचं, का लिहिलं."

"बरोबर आहे," आजी म्हणाल्या. यांना बरं ऐकू आलं.

कुलूपरावांना पिशवीसकट परत खुर्चीत बसवण्यात आलं. रांग लागली. पहिला पँटवाला.

"तापट काढतो," कुलूपराव म्हणाले. "काय लिहू?"

"शांत."

"मागच्या महिन्यात मिस्त्रीला कात्री मारली होतीत."

"मारली नाही. हातातून सुटली."

"सात फूट?"

"हात ओला होता!"

"मग 'हात ओला असतो' असं लिहू?"

रांगेतले हसायला लागले, आणि पँटवाल्यालाही हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. शेवटी 'जरा तापट' वर तोड निघाली. मग जाताजाता त्याने आपणहून सांगितलं की फोन नंबर बदललाय, दोन वर्षं झाली, आणि मोठं मशीन टाके गाळतंय, ते सोमवारी आणतो. कुलूपरावांनी तेही भरलं. कुणी, कधी, काय बदललं याची ओळ खाली आपोआप उमटत होती, आणि प्रत्येक गिऱ्हाईक मान वाकडी करून ती वाचत होतं.

सोमवारी मोठे मालक आले. मॅडम त्यांना तक्ता दाखवत होती, आणि दाखवता दाखवता तिचाच आवाज खाली आला. दीड दिवसात एकशे त्रेचाळीस नोंदी दुरुस्त. बंद पडलेले एकसष्ट नंबर चालू. अडतीस मशिनं सर्व्हिसिंगला आलेली. त्यांतली निम्मी नुसती हे सिद्ध करायला की आम्ही तेल घालतो. कुलूपरावांचा खांब तक्त्याबाहेर गेला होता. आणि बाहेर रांग होतीच.

मोठे मालक म्हणाले, "पोरी, तू घेतलंयस त्या सॉफ्टवेअरचं नाव काय म्हणालीस?"

"ग्राहक संबंध व्यवस्थापन."

"मग यांना घरी पाठवलंस तर संबंध कुणाशी ठेवायचे लोकांनी? शोकेसशी?"

मॅडमने पुन्हा एकदा बाहेरच्या रांगेकडे बघितलं. मग कुलूपरावांकडे वळून म्हणाली, "काका, एवढी माणसं खास तुमच्याशी भांडायला येतात. तुम्हाला कशी पाठवू? ही भांडणं मिटेपर्यंत टेबल राहू दे. पुढचं पुढे."

टेबल राहिलं, पण खांबाआडून उचलून पुढे दाराशी आणलं. कंप्युटरचा पडदा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवायचा, समोर एक खुर्ची, आणि काहीही लिहायचं तर समोरच्याला वाचून दाखवून लिहायचं. पहिल्या दिवशी कुलूपरावांचा डावा हात चार वेळा पडद्याकडे गेला, असं थोरलीने मोजलं. घरगुती भानगडींचे रकाने गेले. 'माहिती कुणाकडून' यापुढे दोनच उत्तरं चालतील: गिऱ्हाईक स्वतः किंवा मिस्त्री. माझं नाव यादीतून काढण्यात आलं. चार रविवारांच्या कष्टांचं हे फळ. बाजारात लोक माझ्यासमोर हवापाण्याचं बोलतात हल्ली.

आणखी एक. कुलूपराव आता ओपन सोर्सचे कट्टर झालेत. आपल्यावर आली ती वेळ दुसऱ्यावर येऊ नये, म्हणून त्यांनी स्वतःहून त्या चर्चेच्या पानावर लिहिलं, की कुठले रकाने पाठवायचे आणि कुठले नाही, हे आधी विचारण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये करावी. जग सुधारायचा पहिलाच प्रयत्न. तासाभरात उत्तर आलं: सोय पहिल्या दिवसापासून आहे, त्याच पानावर, बटणाच्या अगदी खाली. उघडं होतं, कुणी बघितलं नाही.

तर असे दिवस बरे चालले होते. पण माणसं कितीही भांडकुदळ असली तरी सहाशे बारा भांडणं किती दिवस पुरणार? महिन्याभरात रांग दहावर आली, मग चारवर. आजींचं 'लक्ष देत नाही' झालं. दप्तरवालीचा कागद तिच्या सुनेने वाचून परतही केला. परवा ताई आल्या त्या उतरलेला चेहरा घेऊनच. "अगं, काल दिवसभरात एकच माणूस आला. तोही धन्यवाद म्हणायला. आणि तो सुतार पुन्हा दुकानात दिसला म्हणे. दुसऱ्याच कामाला आला होता, पण यांच्या टेबलाकडे बघत होता."

"ताई, चहा घ्या आणि काळजी करू नका."

काल सकाळी मी पडदा घेऊन पँटवाल्याच्या दुकानात गेले. काठाचं काम मला घरी जमलं असतं, पण कधीकधी चांगल्या कारागिराच्या हाताला पर्याय नसतो. तो बिचारा मोठ्या मशीनवर शांतपणे शिवत होता. मशीन दुरुस्त झालेलं, टाका सरळ, माणूस समाधानी.

"काय हो," मी पडद्याची घडी उलगडत म्हटलं, "तुमचं ते 'तापट' काढलं का शेवटी?"

"काढलं की. 'जरा तापट' केलंय."

"जरा?"

"का?"

"नाही, काही नाही. त्या समोरच्या कोटवाल्या शिंप्याचं मी ऐकलं म्हणून म्हटलं. त्याच्यापुढे नुसतं 'शांत' लिहिलंय म्हणे."

"कोटवाला? शांत? तो?" मशीन थांबलं. "त्यानं मागच्या वर्षी गिऱ्हाइकाचा कोट रस्त्यावर फेकला होता!"

"मला काय माहीत बाई. मी हल्ली कुणाबद्दल काही बोलत नाही."

पण हे शेवटचं वाक्य मी रिकाम्या दुकानाला सांगत होते. पँटवाला टेप गळ्यात तशीच ठेवून रस्ता ओलांडत होता, आणि त्याचा आवाज ऐकून कोटवालाही आपल्या दारात आला होता. दोघं बोलत बोलत, हातवारे करत, शिलाई मशीनच्या दुकानाच्या दिशेने गेले. वाटेत तिसरा कुणीतरी सामील झाला.

मी पडदा परत घडी केला आणि ताईंना फोन लावला. म्हटलं, शाळेतून सरळ इकडेच या. आज भाऊजींना यायला उशीर होईल.